आधी रेघ, मग भराव

घर बघायला आलेला माणूस भिंतींचा रंग बघतो, छत बघतो, दारं-खिडक्या उघडझाप करून बघतो. जमिनीकडे त्याचं लक्ष सहसा जात नाही. जमीन कळते ती त्या घरात राहणाऱ्याला, आणि तीही डोळ्यांपेक्षा पायांना. रात्री दिवा न लावता पाणी प्यायला उठलेल्या माणसाला कुठे खोलगट आहे, कुठे उंचवटा आहे, कोबा कुठे पोकळ वाजतो हे बरोबर ठाऊक असतं. तरुणपणी या ठाऊक असण्याचं काही वाटत नाही. म्हातारपणी त्यावर हाडं अवलंबून असतात.

भंडारा जिल्ह्यातल्या गावांत अलीकडे घरोघर कार्पेट आलं आहे. लोकरीचा गालिचा नव्हे. गुंडाळीतून हवं तेवढं कापून मिळणारं, लाकडाची किंवा संगमरवराची नक्षी छापलेलं प्लास्टिकचं कार्पेट. तुमसर, साकोलीसारख्या गावांच्या बाजारात दुकानांपुढे त्याच्या गुंडाळ्या उभ्या असतात. ते स्वस्त आहे, पुसायला सोपं आहे आणि पुस-माघात कोब्याचा गारठा पायाला लागू देत नाही. दिवाळीच्या तोंडावर गुंडाळी घरी येते, कडा कात्रीने कापल्या की खोली तासाभरात नवी दिसते. पण कार्पेट खड्डा झाकतं, बुजवत नाही. खाली खोलगट असेल तिथे ते आधी पोकळ राहतं आणि पाय पडून पडून चिरतं. उंचवटा असेल तिथली नक्षी सगळ्यांत आधी झिजते. खाली ओल असेल तर पहिल्याच पावसाळ्यात खोलीला कुबट वास धरतो. कार्पेट किती दिवस टिकणार हे त्याच्या खालच्या जमिनीवर ठरतं, म्हणून खरं काम गुंडाळी आणण्याच्या आधीचं.

आमचं घर वैनगंगेच्या काठच्या एका गावात आहे. जुनं घर मातीच्या भिंतींचं आणि कवेलूंचं होतं. पुढे सपरी, मागे सांदवाडी, आत सारवलेली जमीन. पुढे भिंती विटांच्या झाल्या आणि जमिनीवर कोबा आला: खाली मुरूम, त्यावर गिट्टीचं काँक्रीट, वर सिमेंटची घोटाई. मुरमाचा भराव सहा-सहा इंचांच्या थरांनी टाकायचा असतो. एक थर टाकावा, पाणी मारावं, धुमसाने चोपावा आणि तो बसला की मगच दुसरा. घाईने दोन फूट भराव एकदम ओतला तर तो वरून घट्ट दिसतो, पण आतल्या आत कित्येक वर्षं बसत राहतो. त्यात आमच्याकडची जमीन कन्हार, म्हणजे काळी चिकण. उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. बरडीवरच्या, म्हणजे मुरमाड जमिनीवरच्या, घराला जे कधी सोसावं लागत नाही, ते कन्हारीवरच्या घराला दरवर्षी सोसावं लागतं. आईच्या खोलीतला कोबा असाच मधोमध बसला होता, एका कोपऱ्यात तडकला होता आणि स्वयंपाकघराच्या दाराशी बोटभर उंचीची पायरी आपोआप तयार झाली होती. बोटभर पायरी मोठ्या पायरीपेक्षा वाईट. मोठी पायरी निदान दिसते. आईचा अंगठा तिथे नेमका अडकायचा.

कार्पेट टाकायच्या आधी जमीन उचलून सारखी करायची असं ठरलं, तेव्हा मी मिस्त्रींना विचारलं, “किती उंच करावं लागेल?”

ते म्हणाले, “भाऊ, आधी लेवल पाहू, मंग बोलू.”

त्यांची लेव्हल म्हणजे बोटाएवढ्या जाडीची एक लांब पारदर्शक नळी. तिच्यात पाणी भरताना त्यांनी अजिबात घाई केली नाही. आत एक बुडबुडा अडकला तरी सगळं माप चुकतं, म्हणून नळी हळूहळू उचलत, टिचक्या मारत त्यांनी हवा बाहेर काढली. मग दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून पाणी एका उंचीवर येतं का ते पाहिलं. एवढी खात्री झाल्यावर एक टोक सोबतच्या मुलाच्या हाती देऊन त्याला दाराशी उभं केलं आणि दुसरं टोक घेऊन स्वतः कोपऱ्यात गेले. चालताना पाणी सांडू नये म्हणून दोन्ही टोकांवर अंगठे दाबलेले. अंगठे काढले की पाणी वर-खाली डुलतं. ते पुरतं थांबेपर्यंत कोणी बोलत नाही. थांबलं की पेन्सिलची एक बारीक खूण. अशा खुणा चारही भिंतींवर झाल्या, रंग लावलेलं सूत त्यांच्यावर ताणून सोडलं, आणि जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीवर खोलीभर एक निळी रेघ उमटली.

मग त्या रेघेपासून खाली टेप. दाराशी अठ्ठ्याण्णव सेंटीमीटर, खिडकीखाली शंभर, खाटेच्या पायथ्याशी एकशे दोन. डोळ्याला ही खोली खिडकीकडे उतरती वाटायची. प्रत्यक्षात उतार खाटेकडे होता आणि सगळ्यांत उंच जागा होती ती दाराशी, जिथे आईला ठेच लागायची. पाण्याने केलेल्या मापात आपल्या समजुतीला जागा उरत नाही.

आता दोन वाटा होत्या. एक म्हणजे सगळी खोली त्या उंच जागेच्याही वर नेणं. दुसरी म्हणजे उंच जागा छाटून खाली आणणं आणि मग उरलेल्या खोलीत भर घालणं. पहिली वाट सोपी वाटते, कारण तीत काही फोडावं लागत नाही, फक्त ओतावं लागतं. पण दहा बाय बाराच्या खोलीत एक इंच थर घातला तरी त्याचं वजन साडेपाचशे किलोंच्या वर जातं. जमिनीवरच्या खोलीत ते एकवेळ चालेल, वरच्या मजल्यावर स्लॅबला विचारल्याशिवाय, म्हणजे जाणकार अभियंत्याला दाखवल्याशिवाय, असा भार टाकू नये. शिवाय खोली उंच झाली की दारं खालून तासावी लागतात, उंबरठा बुडतो, शेजारची खोली खड्ड्यात जाते आणि न्हाणीघराचं पाणी आत यायचा धोका होतो. एका खोलीची उंची हा पूर्ण घराचा प्रश्न असतो. मिस्त्रींनी दुसरी वाट निवडली. दाराशी छिन्नी-हातोड्याने उंचवटा छाटला आणि बाकी खोलीत लागणारा माल एकदम निम्म्यावर आला.

पुढचं काम धीराचं होतं. जुन्या गुळगुळीत कोब्यावर नवा थर धरत नाही, म्हणून सगळीकडे टाचे मारले. धूळ झाडली, जमीन धुतली, रात्रभर ओली ठेवली, सकाळी साचलेलं पाणी पुसून घेतलं. रेती वैनगंगेची. मिस्त्रींनी ती मूठभर घेऊन तळहातावर चोळली. हात मळला तर रेतीत माती आहे, ती धुवावी लागते. सिमेंटची पातळ स्लरी ब्रशने पसरली आणि ती ओली असतानाच माल टाकला: एक भाग सिमेंट, चार भाग रेती, पाणी बेताचंच. जास्त पाण्याचा माल पसरायला सुखाचा, पण वाळताना आकसतो आणि तडकतो. रेघेपासून मापून आधी ठिकठिकाणी मालाच्या लहान चकत्या बसवल्या, त्यांच्यावर अॅल्युमिनियमची पट्टी टेकवून मधला माल ओढून घेतला. थर कुठेही इंचापेक्षा पातळ ठेवला नाही. साधा सिमेंट-रेतीचा थर फार पातळ झाला की त्यातलं पाणी लवकर उडतं, कडा उचलतात आणि काही दिवसांत खालून पोकळ आवाज येऊ लागतो. शहरांत आता अशा पातळ थरासाठी तयार पावडर मिळते. पाण्यात कालवून ओतली की ती आपणच पसरून सपाट होते. ती महाग पडते आणि तिलाही खालची जमीन स्वच्छ, घट्ट आणि कोरडी लागतेच.

थर घातल्यावर निदान आठवडाभर तो ओला ठेवायचा, म्हणजे ताकद येते. त्यानंतर मात्र तो वाळू द्यायचा, आणि लोकांचा धीर सुटतो तो इथेच. असा थर साधारण दिवसाला एक मिलिमीटर या गतीने वाळतो, म्हणजे इंचभर थराला जवळपास महिना. वरून पांढरा दिसला म्हणून तो आतून कोरडा असतो असं नाही. प्लास्टिकचा हातभर तुकडा जमिनीवर ठेवून चारही कडांना चिकटपट्टी लावावी आणि दुसऱ्या दिवशी उचलून बघावा. खाली घाम धरला असेल तर कार्पेटला अजून वेळ आहे. आई तोवर सपरीत झोपली आणि गुंडाळी भिंतीला टेकून उभी राहिली.

हे काम उन्हाळ्यातच करून घ्यावं लागतं. आषाढ लागला की आमच्याकडे मिस्त्री मिळत नाही, कारण बहुतेक मिस्त्री धानाच्या बांधीत रोवण्याला गेलेले असतात. या माणसांना लेव्हल वेगळी शिकवावी लागत नाही याचं कारण मला तिथेच दिसतं. बांधीत चिखल करून पाटा फिरवतात तो जमीन पाण्याखाली सारखी व्हावी म्हणून. जिथे उंच राहील तिथलं पाणी आधी आटतं आणि तण माजतं, जिथे खोल राहील तिथे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, बुडून सडतात. एकच बांधी, एकच बियाणं, पण दोन बोटांच्या फरकाने पीक बदलतं. त्यातही एक बांधी वर, दुसरी खाली अशी उतरण असते. वरच्या बांधीतलं जास्तीचं पाणी धुरा, म्हणजे बांध, फोडून खालच्या बांधीत, तिथून आणखी खाली जातं. खालच्याने आपला धुरा मनाला येईल तसा उंच केला तर वरच्याचं शेत तुंबतं, आणि गावात भांडण उभं राहतं. आपली पातळी ठरवताना शेजाऱ्याच्या पाण्याचा विचार करावा लागतो, ही धानाच्या मुलखातली जुनी शिस्त आहे. याच शिस्तीवर कोहळी लोकांनी या भागात तलाव बांधले, ज्यांना आपण आता माजी मालगुजारी तलाव म्हणतो. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडाऱ्यातच असलेला नवेगाव बांध हा त्यांतला सगळ्यांत नावाजलेला. आजची मोजणीची यंत्रं हाती नसताना पाळ कुठे घालावी, सांडवा किती उंचीवर ठेवावा आणि कोणत्या शेतापर्यंत पाणी आपोआप पोचेल हे त्यांना ठरवता येत होतं.

घरातली जमीनही पूर्वी अशीच हाताखालची होती. आईच्या पिढीच्या बायका आठवड्याला जमीन सारवायच्या, आणि सारवणारा हात प्रत्येक वितीवरून फिरायचा. कुठे उंदराने उकरलं, कुठे खाटेच्या पायाने खळगा पडला हे तिथल्या तिथे कळायचं आणि मूठभर मातीने बुजायचं. त्या कामात बायकांचे गुडघे आणि पाठी झिजल्या, म्हणून मातीची जमीन परत यावी असं मी कधीही म्हणणार नाही. कोब्याने त्यांना मोकळं केलं हे चांगलंच झालं. पण कोब्याबरोबर जमीन एकदा झाली की झाली, अशी समजूत घरात शिरली. काँक्रीटमध्ये चूक राहिली तर ती वर्षानुवर्षं राहते, आणि तिच्यावर रोज पाय पडत असूनही कोणी तिला हात लावत नाही. म्हणून काँक्रीट ओतण्याआधीचं माप मातीच्या घरापेक्षा जास्त काटेकोर हवं.

थर वाळल्यावर कार्पेट अंथरण्याआधी आईने तिची पितळी परात आणली. भंडाऱ्याच्या पितळकामाची ओळख आमच्याकडे प्रत्येक घरातल्या अशा परातीने आणि गुंडाने होते. तिने परात खोलीच्या मधोमध ठेवली आणि काठाच्या किंचित खालपर्यंत पाणी भरलं. पूर्वी या खोलीत पाणी एका बाजूच्या काठाला चढायचं आणि दुसऱ्या बाजूला बोटभर पितळ कोरडं राहायचं. आता आतल्या कोरलेल्या वेलबुट्टीच्या वर पाण्याची कड सगळीकडे सारखी होती. परात उचलून तिने तीच पारख खाटेपाशी केली, मग दाराशी. मग म्हणाली, “टाक आता.”

घरातलं काम संपलं, पण मी त्या निळ्या रेघेचा विचार सोडू शकलो नाही, कारण घराबाहेर नेमकं उलटं चाललं आहे. आमच्या गल्लीतला रस्ता प्रत्येक कामात वर येत गेला. खडीवर डांबर, डांबरावर सिमेंट, सिमेंटवर पुन्हा सिमेंट. जुना थर कोणी काढला नाही. ज्या घरांत पूर्वी तीन पायऱ्या चढून जावं लागे, तिथे आता एक उरली आहे, आणि काही घरांत रस्त्यावरून खाली उतरावं लागतं. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की घराचं जोतं भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ४५० मिलिमीटर, म्हणजे दीड फूट उंच असावं. बांधणाऱ्याने ते तसंच बांधलं होतं, पण भोवतालची जमीनच वर आली. मग पहिल्या पावसाचं पाणी ओट्यावरून आत येतं, आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो घरात भराव घालून जमीन उचलतो. छत तर उचलत नाही. दाराची चौकट कपाळाला लागू लागते, खिडकी जमिनीजवळ येते, आणि त्याच्या अंगणातून हटलेलं पाणी शेजारच्या विधवेच्या घरात शिरतं, कारण तिच्याकडे भरावाचे पैसे नसतात.

नदीची गोष्ट वेगळी आहे. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि तिकडच्या पावसाचं पाणी आमच्याकडे आणते. भंडारा शहरापलीकडे कारधा इथे तिची धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून २४५.५० मीटर धरली आहे, आणि पावसाळ्यात हा आकडा आमच्याकडे पोराटोरांच्याही तोंडी असतो. २०२०च्या ऑगस्टअखेरीस ती पातळी ओलांडून पाणी वस्त्यांत शिरलं. खाली पवनी तालुक्यातल्या गोसेखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडावे लागले. त्यानंतर काठच्या लोकांनी जोती वाढवली ती योग्यच केली. पुरापुढे घर उंच करणं हे शहाणपण आहे. पण नदी छाटता येत नाही आणि रस्ता छाटता येतो, हा फरक आपण विसरलो आहोत.

जमिनीवर जमीन चढवत जाणं माणसाला नवं नाही. पवनीला १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं, तेव्हा जगन्नाथ टेकडीच्या पोटातून बौद्ध स्तूप बाहेर आला. जुन्या गावांची पांढर, म्हणजे वस्तीची जागा, अशीच चढत जाते. पडलेल्या घराच्या मातीवर पुढचं घर उभं राहतं. पण ते शतकांच्या गतीने होतं. माणसाच्या एका आयुष्यात रस्ता घराच्या उंबरठ्यापर्यंत येणं हे वेगळं. अमेरिकेतल्या शिकागो शहरावरही ही वेळ आली होती. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात सांडपाण्याच्या नळांना उतार मिळावा म्हणून रस्ते उंच करावे लागले, तेव्हा विटांच्या मोठमोठ्या इमारती जॅक लावून उचलल्या गेल्या. तिथे गटारं घालण्यासाठी रस्त्यांची नवी उंची आखली गेली आणि इमारती त्या उंचीला आणल्या. आपल्याकडे उंची कोणीच ठरवत नाही. थर पडत राहतात आणि प्रत्येक घर आपापल्या पैशाने त्यांच्या मागे धावत राहतं.

आईच्या खोलीत मिस्त्रींनी जे केलं, तेच गल्लीत करता येण्यासारखं आहे. दाराशी साठलेला उंचवटा छाटला, म्हणून सगळ्या खोलीचा भराव वाचला. रस्त्याचा जुना थर खोदून काढला तर सगळ्या गल्लीची जोती वाचतील. त्याला नवं तंत्र लागत नाही. लागतो तो अंदाजपत्रकात खोदाईचा खर्च आणि काम सुरू होण्याआधी पाहिलेली लेव्हल.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती आहे. तुमच्या गल्लीत पुढच्या खेपेला सिमेंटचा रस्ता येणार असेल, तर तो यायच्या आधी एक लांब नळी आणि गावातला एक मिस्त्री बरोबर घ्या. प्रत्येक घराच्या भिंतीवर एकाच पातळीची खूण करा, तिच्यापासून जोत्याचं आणि रस्त्याचं माप घ्या आणि ते कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्यांनिशी ग्रामसभेत ठेवा. जुना थर काढल्याशिवाय नवा टाकू नये आणि नाल्यांचा उतार आधी ठरावा, असा ठराव मांडा. सगळ्यांत खालच्या घराला त्या सभेत पहिल्यांदा बोलू द्या.